आल्विनच्या बाल्कनीतली स्पेअर सायकल

लुसीवहिनींचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. तोंडात फेस, त्यामुळे फोन उचलून नुसतं ‘हं’ केलं. "परागभाऊ, आल्विन उठत नाहीये... जरा येता का?" आवाज इतका रोजचा होता की मला वाटलं, कंटाळा करून लोळत पडला असेल आणि वहिनी वैतागल्या असतील. मस्कतमधल्या रुवी भागात त्यांची इमारत आणि माझी इमारत यांच्यामध्ये एक मनी एक्स्चेंज, एक टेलर आणि कचऱ्याची भलीमोठी पेटी, एवढंच अंतर. मी नाकाला रुमाल लावून ती पेटी ओलांडली आणि वर गेलो. तो पलंगाच्या कडेवरून मागे आडवा झाला होता. एका पायात मोजा, दुसरा मोजा मुठीत. कामावर निघायच्या तयारीत होता. मी डॉक्टर नाही, पण पंचवीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला हात लावला की कळतं. मी हात लावला आणि वहिनींना बाहेरच्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं.

दुपारपर्यंत आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मेणबत्त्या पेटल्या. हलणाऱ्या, लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या. कोणीतरी त्याचा चिखलाने माखलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘सायकलवर जगला, सायकलवर गेला.’ त्याखाली अंगठे, बदाम, जोडलेले हात, नुसता पूर. अरे, कुठे सायकलवर गेला? मोजा घालताना गेला! सत्तावन्न वर्षांचा माणूस पलंगावर बसून मोजा घालताना गेला, हे तसंच्या तसं सांगायला काय धाड भरली होती? पण नाही, मरणालासुद्धा यांना पोस्टर लागतं. मला त्या दिवशी जी शिसारी आली ती आज दोन महिने झाले तरी गेलेली नाही. फरक एवढाच, की तेव्हा ती दुसऱ्यांची होती. हळूहळू तिने तोंड माझ्याकडे वळवलं. ते कसं, हेच सांगायचं आहे.

आल्विन लोपीस मूळचा वसईचा. मस्कतमधल्या एका हॉटेलात एसी आणि पंपांच्या मेंटेनन्सचा सुपरवायझर, एकवीस वर्षं. मी चिंचवडचा, रुवीतल्या एका पॉलिक्लिनिकच्या लॅबमध्ये. आमच्यात साम्य असं काहीच नव्हतं, कारण मला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस येते आणि त्याला कशाचीही येत नसे. दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावलेलं मला चालत नाही, ओल्या टॉवेलचा वास चालत नाही, हॉटेलातल्या चमच्याला मी आधी कागदाने पुसतो. "दिवसभर लोकांची लघवी तपासतो आणि घरी येऊन चिखलाला नाक मुरडतो. डॉक्टर, तुमचा काही भरवसा नाय!" हे त्याचं आवडतं वाक्य. मी चिडायचो. मी सांगायचो की मी डॉक्टर नाही आणि लॅबमध्ये ग्लोव्हज असतात. तो म्हणायचा, "मग आयुष्यालापण घाला ना ग्लोव्हज."

अशा माणसाला सायक्लोक्रॉसमध्ये ओढलं कोणी, तर आल्विननेच. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो : चांगला डांबरी रस्ता सोडून चिखलात, वाळूत, दगडगोट्यांत सायकल घालायची. वाटेत मुद्दाम फळ्या आडव्या लावलेल्या असतात. तिथे उडी मारून उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, पळायचं, पुन्हा उडी मारून बसायचं, आणि हे पाऊणएक तास गोल गोल करत राहायचं. शहाण्या माणसाने करण्यासारखं यात काहीही नाही. मस्कतमध्ये हौशी लोकांची एक छोटी मालिका चालते, ऑक्टोबर ते डिसेंबर, शुक्रवारी सकाळी. थोडे गोरे, थोडे फिलिपिनो, काही ओमानी पोरं, आणि आम्ही चार मराठी बाप्ये. आल्विन, मी, शिपिंग कंपनीतला मंदार आणि बांधकामाच्या साइटवरचा इंजिनियर हेमंत. मंदार आमच्यात सगळ्यात लहान, चाळिशीचा, आणि खरोखर वेगवान. हेमंत मधला. मी कसाबसा. आल्विन कायम शेवटचा किंवा शेवटून दुसरा.

इथे शरद ऋतू वगैरे काही नसतो. एक दिवस सकाळी गाडीचं स्टिअरिंग धरताना हात भाजत नाही, की समजायचं थंडी आली. मग आमच्या वाऱ्या सुरू व्हायच्या. पहाटे माझी जुनी फोर-व्हील, टपावर सायकली, आत चार माणसं आणि सात शुक्रवारांत जमा होणारी घाण. ओले बूट, घामट जर्सी, केळ्याची सालं, करक चहाचे चिकट कप, पराठ्यात चीज आणि वेफर्स कोंबून केलेली ती सुरळी, जिचा चुरा मी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सीटच्या फटीतून काढत असे. मंदार मागे बसून पायाला ते झणझणीत वासाचं मलम चोळायचा. हेमंत घोरायचा. मी खिडकी खाली करायचो, आणि आल्विन शेजारी बसून प्रत्येक चहाच्या टपरीवाल्याला मल्याळममध्ये काहीतरी विचारून हसवायचा. मी शंभर वेळा म्हणालो असेन की हा माझा शेवटचा सीझन. दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी तो फोन करायचा, "डॉक्टर, यल्ला, चल, टायर बघून ठेव."

रुस्ताक गावातली माझी पहिली रेस मला अजून आठवते, नको असताना आठवते. खजुराच्या बागेच्या कडेने पाट वाहतो, त्याचं पाणी एका वळणावर वाटेवर आलं होतं आणि बकऱ्यांनी तिथे आपला कारभार उरकून ठेवला होता. मी नेमका तिथे तोंडावर पडलो. तोंड उघडं होतं. पुढचं सांगत नाही. मी तिथेच बसून ओकायला लागलो आणि बाजूने लोक सायकली खांद्यावर घेऊन धावत जात होते, एकही थांबला नाही. थांबला तो आल्विन. त्याची रेस आमच्या आधी होऊन गेली होती, तो दोरीच्या पलीकडे उभा होता. तो आत आला, त्याने आपला हातमोजा काढून माझं तोंड पुसलं, आतून, दातांवरून, लहान मुलाचं पुसतात तसं. आणि आपली पाण्याची बाटली पुढे केली. मी त्या अवस्थेतही विचारलं, "तोंड लावलंयस का?" तो हसत हसत चिखलात बसला. "अरे बाबा, आत्ता तुझ्या तोंडात काय होतं ते विसरलास काय?" मी ती बाटली घेतली नाही. नळ शोधत गेलो. आज लाज वाटते, पण गेलो.

आणि पेट्रोल पंपावरचे संडास. सहम गावच्या रेसला जाताना वाटेत एका पंपावर आम्ही नेहमी थांबायचो. पहिल्या वर्षी मी दार उघडलं, पाहिलं आणि तसाच परत येऊन गाडीत बसलो. पोटात कळा येत असताना बसलो. आल्विनने माझ्याकडे एकदा बघितलं आणि उतरला. पाच-सात मिनिटांनी बाही वर केलेला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, असा परत आला. "जा डॉक्टर, सिंहासन तयार आहे." पाइप लावून, पंपवाल्याकडून फिनेल मागून त्याने तो आख्खा संडास धुतला होता. नंतर दर वर्षी हे ठरूनच गेलं. गाडी थांबली की आधी तो आत जाणार, मग मी. मंदार आणि हेमंत यावर पोट धरून हसायचे. मी कधी थँक्यू म्हटलं का? नाही. मला वाटायचं, त्याला त्याचं काही वाटत नाही, मग मी का वाटून घेऊ.

आता त्या स्पेअर सायकलकडे येतो. या रेसमध्ये दोऱ्या बांधून एक जागा आखलेली असते, तिला पिट म्हणतात. सायकल मोडली किंवा पंक्चर झाली तर तुम्ही ती ओढत, उचलत पिटपर्यंत आणायची आणि तिथे तुमची दुसरी सायकल ठेवलेली असेल तर ती घेऊन पुढे जायचं. पैसेवाल्या गोऱ्यांच्या दोन-दोन सायकली. आमची प्रत्येकी एक. दुसऱ्या सीझनला मंदार चांगला तिसरा चालला असताना त्याचा गिअर तुटला आणि त्याने रागाने हेल्मेट आपटलं. पुढच्या महिन्यात मस्कत सोडून निघालेल्या कोणा इंग्रजाकडून आल्विनने एक जुनी फ्रेम आणली आणि आम्हाला म्हणाला, घरात जे पडलंय ते द्या. मंदारने जुनी चाकं दिली. हेमंतने ब्रेक आणि हँडल. मी सीट आणि सीटखालचा दांडा. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर बाल्कनीत बसून त्याने पंधरा दिवसांत चौघांत मिळून एक सायकल उभी केली. हॉटेलच्या पंपांना लावायला त्याच्याकडे नाव छापायचं छोटं यंत्र होतं, त्यातून पट्ट्या काढून प्रत्येक भागावर लावल्या : मं, हे, प. मी म्हटलं, हे कशाला? तो म्हणाला, "असू दे. बरं असतं."

ती सायकल त्याच्या बाल्कनीतच राहायची, दुरुस्तीच्या स्टँडवर, धूळ नको म्हणून वर एक फुलाफुलांची चादर. शुक्रवारी तीच आधी टपावर चढायची. आमच्या रेसला आल्विन पिटमध्ये उभा. आमच्यातलं कोण धडपडत येतंय ते लांबून बघायचा आणि येईपर्यंत सीट बरोबर त्याच्या उंचीची करून ठेवायचा. दांड्यावर त्याने रंगीत चिकटपट्ट्या गुंडाळल्या होत्या. मंदारची तांबडी, हेमंतची निळी, माझी पांढरी. हातातली मोडकी सायकल त्याच्याकडे फेकायची, तयार सायकल घ्यायची, निघायचं. रेस संपेपर्यंत मोडकीसुद्धा धुऊन पुसून तयार. त्याच्याकडे एक निळी बादली आणि बाथरूमचा ब्रश होता. चौघांच्या सायकली धुतल्याशिवाय त्याने स्वतःचे हात धुतलेले मी पाहिले नाहीत.

आणि त्याच्या रेसच्या वेळी पिटमध्ये कोण असायचं? कोणी नाही. पन्नाशीच्या पुढच्यांची रेस आधी असायची. पुढे मीही पन्नाशी ओलांडली, पण म्हातारे म्हणवून घ्यायला नको म्हणून मंदारबरोबरच नाव द्यायचो. आल्विन पळत असताना आम्ही गाडीच्या सावलीत चहा पीत असायचो, मोबाइल बघत असायचो. एकदा सहमला त्याची चेन तुटली. सहमची रेस समुद्राच्या वाळूत असते, सीझनची शेवटची, आणि तिथे बाजूला मासळी वाळत घातलेली, तो वास माझ्या डोक्यात दोन दिवस राहतो. आल्विन सायकल खांद्यावर टाकून पळत आला, पिटवरून गेला, तिथे उभ्या असलेल्या स्पेअर सायकलकडे पाहिलंही नाही, आणि उरलेल्या दोन-अडीच फेऱ्या तसाच पळत राहिला. आम्ही गाडीतून ओरडत होतो, "ओ लोपीस, सायकल कुठली, घोडा आहे का खांद्यावर?" शेवटी आल्यावर त्याचा चेहरा काळानिळा झाला होता. मी म्हटलं, स्पेअर का नाही घेतलीस? म्हणाला, "तुमची रेस आहे ना नंतर. वाळू गेली असती तिच्यात." आम्ही हसलो. मीच जास्त हसलो.

तो गेल्यावर लुसीवहिनी त्याला घेऊन वसईला गेल्या. निघताना घराची किल्ली माझ्या हातात दिली. झाडांना पाणी घाला, म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी रुस्ताकची रेस होती. गुरुवारी संध्याकाळी मंदार आणि हेमंत माझ्याकडे आले. मंदार म्हणाला, "यार, स्पेअर लागेल ना रुस्ताकला." मी किल्ली घेतली. दार मी उघडलं, हे मला नीट लिहायचं आहे. बाल्कनीत चादर बाजूला केली आणि आम्ही तिघं त्या सायकलकडे बघत उभे राहिलो. हेमंत म्हणाला, "पण पिटमध्ये कोण उभं राहणार?" मंदारला रेस करायची होती, हेमंतला करायची होती, मलाही करायची होती. खाली टॅक्सीवाले हॉर्न देत होते. मग मंदारने खाली वाकून चाकावरची पट्टी वाचली आणि म्हणाला, "ही माझीच आहेत, तशी." आणि चाकं काढायला लागला. हेमंतने आल्विनचीच किल्ल्यांची पेटी उघडून हँडल सोडवलं. मी काय केलं? मी म्हटलं, आता उगाच माझा दांडा कशाला राहू दे, आणि सीटसकट ओढून काढला. वीस मिनिटं लागली. पंधरा दिवस बसून त्याने जे जोडलं होतं ते आम्ही त्याच्याच हत्यारांनी, त्याच्याच पट्ट्या वाचून, त्याच्या मातीचा महिना भरायच्या आत वाटून घेतलं. नंतर मी तो सांगाडा स्टँडवर अडकवला आणि वर चादर टाकली. उभी असल्यासारखी दिसत होती.

रुस्ताकला एक मिनिट शांतता पाळली. सगळ्यांच्या दंडाला काळ्या फिती. आल्विनच्या फोटोचे टी-शर्ट छापून आणले होते, इतके भिकार की त्याला दोन हनुवट्या आल्या होत्या. मिनिट संपायच्या आत मंदारच्या घड्याळाने टिकटिक सुरू केली, त्याने वॉर्म-अप लावून ठेवलं होतं. त्या रेसमध्ये त्याने त्या स्पेअरचं मागचं चाक स्वतःच्या सायकलला लावलं होतं आणि ते दगडावर आपटून वाकवलं. मी पाहिलं आणि पुढे निघालो.

तीन आठवड्यांनी वहिनी परत आल्या, घर आवरायला. नवरा गेला की इथे राहायची मुदतही संपत येते. मी त्यांना विमानतळावरून आणत होतो. रुवीच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "परागभाऊ, दहा दिवसांनी सहम आहे ना? मी येणार. कटलेट करून आणणार, दर वर्षीसारखे. तुम्ही फक्त ती सायकल घेऊन चला. तो उभी करायचा तिथे उभी करा. दुसरं मला काही नको या मस्कतकडून." मी म्हटलं, "हो वहिनी." इतक्या सहज म्हटलं की मला माझाच राग यावा.

पुढचे दहा दिवस मी जे केलं त्याला धावपळ म्हणतात, पण ती चोराची धावपळ होती. मंदारला फोन केला, चाकं दे. "एक वाकलंय रे. दुसरं माझ्या सायकलला आहे. शेवटची रेस आहे यार, पॉइंट्स बघ ना माझे. झाली की लगेच देतो." हेमंतला फोन केला. त्याने ब्रेक आणि हँडल साइटवरच्या कोणाला देऊन टाकले होते आणि तो माणूस हजार किलोमीटरवर, सलालाहला. "मागून घेतो, इन्शाल्ला." इन्शाल्ला! इथे एकवीस-पंचवीस वर्षं राहून हा एक शब्द आम्ही असा शिकलो की पवित्र शब्दाचाही वीट यावा. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, दोघेही खड्ड्यात जा, मी विकत आणतो. चार दिवस दुकानं पालथी घातली. त्या जुन्या फ्रेमला बसतील अशी चाकं मस्कतमध्ये मिळेनात. मागवली तर तीन आठवडे. आणि या सगळ्यात माझा स्वतःचा दांडा माझ्या घरी, शू-रॅकच्या मागे उभा होता, हे मी कुणाला सांगत नव्हतो.

बुधवारी संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो आणि सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, सगळं, किल्ली लावण्यापासून. त्या भांडी कागदात गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "मला आल्या दिवशीच समजलं. चादर उलटी घातलीत तुम्ही. फुलं आतल्या बाजूला. तो रोज सरळ घालायचा." मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "तुम्ही सांगता का ते बघत होते." मग पुन्हा ताट उचलून, "मीच त्याला एकदा विचारलेलं, या पट्ट्या कशाला चिकटवतोस? म्हणाला, लुसी, उद्या मी नसलो तर हे लोक पहिली सायकल सोडवायला येणार. येऊ दे, पण भांडण नको. ज्याचं त्याला मिळू दे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं. "राहिलीय तेवढी घेऊन चला," म्हणाल्या. "फ्रेम तर त्याची आहे ना?"

शुक्रवारी मी माझा दांडा आणि सीट त्या फ्रेममध्ये परत घातली. चाकं नाहीत, हँडल नाही, ब्रेक नाहीत. सहमला जाताना त्या पंपावर गाडी थांबवली, सवयीने. शेजारच्या सीटवर वहिनी. मी उतरलो, दार उघडलं, पाहिलं. मग पाइप घेतला. ओकारी येत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण धुतला. माझ्यासाठी नाही, मला जायचंच नव्हतं. मागून कोणीतरी येणारच होतं.

मी रेसमधून नाव काढलं होतं. वाळूत दोरीच्या आत स्टँड रोवला, त्यावर तो सांगाडा अडकवला, बाजूला निळी बादली. मासळीचा वास होता, समुद्रावरून वारा होता. येणारे जाणारे बघत होते, एका गोऱ्याने फोटोही काढला. वहिनी कटलेटचा डबा मांडीवर घेऊन फोल्डिंग खुर्चीत बसल्या आणि सायकल बघत राहिल्या. मग बोट दाखवून म्हणाल्या, "ही तांबडी कोणाची?"

"मंदारची."

"निळी?"

"हेमंतची. पांढरी माझी."

"आणि त्याची?"

मी दांड्याकडे बघितलं. वर सरकवला, खाली सरकवला. फिरवून बघितला. पाच सीझन मी तो दांडा माझ्या पट्टीला आलेला पाहिला होता, कितीदा तरी. तीन पट्ट्या होत्या. चौथी नव्हती. कधीच नव्हती. त्याने चौघांची म्हणून जोडलेल्या सायकलवर स्वतःसाठी जागाच ठेवली नव्हती, आणि आम्ही एवढे शहाणे, रोज मोजणारे, तपासणारे, आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात मंदार आला. पुढचं टायर बसलं होतं, सायकल ओढत, धापा टाकत आला आणि दोरीच्या आत शिरता शिरता सवयीने हात पुढे केला, तयार सायकल घ्यायला. हात तसाच राहिला. समोर सांगाडा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. मागून दुसरे येत होते. वहिनींनी बाटली पुढे केली. तो दोन घोट प्यायला. "आता घे खांद्यावर आणि पळ," त्या म्हणाल्या. "तो पळायचा." आणि मंदार खरंच पळाला. उरलेल्या फेऱ्या सायकल खांद्यावर घेऊन पळाला, आणि गाड्यांच्या सावलीत बसलेले लोक हसत होते.

वहिनी गेल्या वसईला. जाताना फ्रेम माझ्याकडे ठेवली. मंदारने चाकं आणून दिली, वाकलेलं सरळ करून. हेमंतचं सलालाह अजून चालू आहे. माझ्या बाल्कनीत ती सायकल स्टँडवर असते, अंगावर सहमची वाळू अजून तशीच आहे, आणि फुलाफुलांची चादर मी सरळ घालतो. चौथी पट्टी लावायची म्हणून काळ्या चिकटपट्टीचं रीळ आणून ठेवलं आहे. त्याच्या सीटची उंची हवी म्हणून हॉटेलात जाऊन आलो. त्याची स्वतःची सायकल वहिनींनी तिथल्या लाँड्रीतल्या एका सहकाऱ्याला दिली होती, पण त्या माणसाने सीट केव्हाच आपल्या मापाने खाली घेतली होती. मंदारला विचारलं, हेमंतला विचारलं. वहिनींना फोन करून विचारायचं धाडस होत नाही. माझी उंची त्याला लांबून, धुळीत, पळताना कळत होती. त्याची पट्टी कुठे लावायची ते मला माहीत नाही.